उडताना अंगठा कुठे होता?

गेल्या वर्षी वसंतात आमच्या विद्यापीठाच्या गावात, एका इमारतीच्या तळघरात, जुन्या जाड टीव्हीसमोर बसून मी एक सामना हरले. हरण्याचं दुःख नव्हतं, त्याची सवय आहे. पण माझा फॉक्स शेवटचा फटका खाऊन पडद्याबाहेर गेला तेव्हा मागे उभा असलेला एकजण सहज म्हणाला, ‘बॅड डीआय.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी मला विचारलं नाही की त्या क्षणी माझ्या मनात काय होतं. घरी येताना बसमध्ये हेच डोक्यात घोळत होतं: त्यांनी नेमकं काय पाहिलं?

हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. माझं म्हणणं असं की ‘बॅड डीआय’ ही आपल्या या खेळातली सर्वांत आळशी समीक्षा आहे. आणि ती आळशी का आहे हे कळायला डीआय म्हणजे काय ते नीट पाहावं लागतं. जे खेळतात त्यांनी पुढचे काही परिच्छेद भराभर वाचावेत, पण गाळू नयेत.

खेळाचं नाव सुपर स्मॅश ब्रदर्स मेले. (हो, ‘मेले’. आईला फोनवर ‘शनिवारी मेले आहे’ असं सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरते, तिचीही आता सवय झाली आहे.) २००१ साली निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आला. मासाहिरो साकुराई यांनी दिग्दर्शित केलेल्या मालिकेतला हा दुसरा खेळ. इतर फायटिंग गेममध्ये तुमच्या नावापुढे एक पट्टी असते, मार खाल्ला की ती रिकामी होत जाते, संपली की तुम्ही संपलात. इथे पट्टी नाही, टक्के आहेत. ते शून्यापासून वर चढतात. टक्के जितके जास्त, तितका पुढचा फटका तुम्हाला लांब उडवतो. पडद्याच्या कडांपलीकडे एक अदृश्य हद्द आहे, ती ओलांडली की एक आयुष्य गेलं. म्हणजे टक्क्यांनी कुणी मरत नाही. १५० टक्क्यांवरही माणूस जिवंत असतो, आणि कधी कधी ४० वर मरतो. प्रश्न नेहमी हाच: कुठे जाऊन पडलात?

फटका बसला की खेळ एक आकडा काढतो, त्याला नॉकबॅक म्हणतात. त्यात तुमचे टक्के येतात, फटक्याची ताकद येते आणि तुमचं वजन येतं. मेलेमध्ये जिग्लीपफचं वजन ६०, फॉक्सचं ७५, बाउजरचं ११७. एकाच फटक्याने जिग्लीपफ कापसासारखी उडते आणि बाउजर जेमतेम सरकतो. या नॉकबॅकवरूनच तुम्ही किती वेळ हतबल राहणार हेही ठरतं: आकड्याला ०.४ ने गुणा, तितक्या फ्रेम. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने चालतो. नॉकबॅक १०० असेल तर ४० फ्रेम, म्हणजे दोन तृतीयांश सेकंद तुम्ही हवेत एखाद्या फेकलेल्या उशीसारखे जाता. ना उडी, ना ठोसा, ना काही.

इथपर्यंत ऐकलं तर वाटतं की मार खाणाऱ्याची भूमिका संपली. पण मेलेत मार खाणाऱ्यालाही एक गोष्ट करता येते. फटका लागून उडण्याच्या क्षणी तुमची स्टिक कुठल्या दिशेला धरलेली आहे, हे खेळ पाहतो, आणि त्यानुसार तुमच्या उडण्याचा कोन बदलतो. जास्तीत जास्त १८ अंश. हाच डीआय, डिरेक्शनल इन्फ्लुअन्स. वेग बदलत नाही, हतबल राहण्याची वेळ बदलत नाही, फक्त कोन.

यातली सुंदर गोष्ट अजून पुढे आहे. स्टिक उडण्याच्या रेषेला काटकोनात धरली तर पूर्ण १८ अंश मिळतात. रेषेपासून ४५ अंशांवर धरली तर त्याच्या निम्मे, म्हणजे ९. आणि उडण्याच्या दिशेतच किंवा तिच्या बरोबर उलट धरली तर शून्य. आता स्वतःला आठवा, पहिल्यांदा खेळलात तेव्हा. फॉक्सने खालून लाथ मारली, तुम्ही सरळ वर चाललात. तुमचा अंगठा काय करत होता? खाली ओढत होता. माझाही. सगळ्यांचाच ओढतो. ढकललं की उलट रेटायचं, हे शरीराला कुणी शिकवावं लागत नाही. आणि मेले त्या रेटण्याला काडीची किंमत देत नाही. जिथून फटका आला तिकडे तोंड करून कितीही जोर लावा, एक अंशसुद्धा फरक पडत नाही. वाचायचं असेल तर डावीकडे किंवा उजवीकडे धरायचं, म्हणजे सरळ छताला जाऊन मरण्याऐवजी तुम्ही तिरके कोपऱ्याकडे जाता. कोपरा सर्वांत लांब असतो. तेवढ्या लांब पोचेपर्यंत वेग कमी होतो आणि जीव राहतो. आडवा फटका लागला की उलटं: वर आणि थोडं आत, स्टेजकडे.

माझे मामा सांगलीकडचे. तरुणपणी मातीतली कुस्ती खेळलेले, आता गुडघ्यांमुळे फक्त मैदानाला जाऊन बसतात. एकदा व्हिडिओ कॉलवर मी एक सामना त्यांना दाखवत होते. त्यांना रंगीबेरंगी कोल्हा आणि तलवारवाला राजपुत्र यांच्यात फारसं काही कळत नव्हतं. पण कोल्हा उडाला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘अगं, त्याला हवेत पालथं होता येत नाही का?’

मी आधी हसले. मग कळलं की दहा मिनिटांत मामा तिथे पोचले, जिथे पोचायला मला वर्ष लागलं होतं. कुस्तीत उचलला गेलेला पैलवान, आपल्याला उचललंच नाही असं करू शकत नाही. डाव लागला आहे, पाय जमिनीवरून सुटले आहेत. पण पाठ टेकते की पोट, यात चीतपट होणं आणि कुस्ती चालू राहणं एवढा फरक आहे. तो अंग मोडतो, वळतो, पालथा पडतो. फेकणाऱ्याच्या ताकदीशी तेव्हा तो भांडत नाही. तिचा कोन बदलतो. (तुलना इथेच थांबवते. कुस्तीत वळताना समोरच्याच्या हातांची पकड अंगावर जाणवत असते, आणि आमच्याकडे फक्त प्लास्टिकची स्टिक.)

आता वेळेचा प्रश्न. फटका बसला की मारणारा आणि खाणारा, दोघंही काही फ्रेम जागच्या जागी गोठतात. याला हिटलॅग म्हणतात. मेलेत याचा हिशोब सोपा आहे: फटक्याच्या टक्क्यांना ३ ने भागा, त्यात ३ मिळवा. फॉक्सचा वरचा स्मॅश १८ टक्क्यांचा, म्हणजे ९ फ्रेम. ०.१५ सेकंद. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. खेळ तुमची स्टिक वाचतो तो या गोठण्याच्या शेवटी, पण तोवर तुम्हाला फटका ‘दिसलेला’ही नसतो. म्हणजे बहुतेक वेळा डीआय ही प्रतिक्रिया असूच शकत नाही. फटका बसायच्या आधीच अंगठा कुठेतरी ठेवलेला असतो. तुम्ही भाकीत केलेलं असतं की मला मार बसणार आहे, आणि तो अमुक मार असेल.

हे पुन्हा एकदा वाचा, कारण माझं सगळं भांडण इथे आहे. चांगला खेळाडू हल्ला करताना, पळताना, ढाल धरतानासुद्धा मनात एक दुसरा हिशोब चालू ठेवतो: आत्ता चुकलं तर मी कुठे उडणार? आणि त्याप्रमाणे अंगठा झुकवतो.

मग ‘चुकीचा’ डीआय म्हणजे काय?

एक उदाहरण घेते. तुम्ही स्टेजच्या कडेजवळ आहात, टक्के साठ-सत्तर, समोर मार्थ. त्याच्या तलवारीच्या टोकाचा पुढचा स्मॅश बसला तर खेळ खलास, म्हणून तुम्ही वर-आत धरलं आहे. शहाणपणाचं आहे. पण मार्थने तो स्मॅश मारलाच नाही. एक हलका फटका मारला. आता तुमचा तोच वर-आत झुकलेला अंगठा तुम्हाला अलगद उचलून मार्थच्या डोक्यावर आणून ठेवतो, आणि त्याची तलवार वरच्या बाजूला किती लांब पोचते हे तुम्हाला माहीत आहे. पुढचे पाच फटके बसतात. मागे उभा असलेला म्हणतो, बॅड डीआय.

आणि तुम्ही बाहेर धरलं असतं तर? हलक्या फटक्यापासून सुटला असता, पण स्मॅश आला असता तर सरळ बाहेर. तेव्हाही मागचा तेच म्हणाला असता. जगण्यासाठीचा डीआय आणि सुटण्यासाठीचा डीआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या बऱ्याचदा विरुद्ध दिशेला असतात. अंगठा एक आहे. मार्थला हे माहीत आहे. तुम्ही कशाला घाबरताय ते ओळखून तो दुसरं काहीतरी मारतो. पकडून फेकण्यात तर हे अजून उघड होतं. काही थ्रो इतके झटपट सुटतात की पुढे टाकणार की वर हे कळेपर्यंत तुम्ही हवेत असता. तिथे कधी कधी स्टिकला हातच न लावणं सर्वांत चांगलं ठरतं, कारण फेकणारा तुम्ही बाहेर धरणार असं मानून धावत सुटलेला असतो आणि तुम्ही जिथल्या तिथे वर गेलेले असता.

म्हणजे कॉम्बो ही एकट्याची कामगिरी नसते. पण आपण ती तशीच बघतो. २००८ च्या एका दुहेरी सामन्यातली ‘वॉम्बो कॉम्बो’ची क्लिप तुम्ही पाहिली असेल, मेले न खेळणाऱ्यांनीही पाहिली आहे. समालोचकांचा आरडाओरडा सगळ्यांना पाठ आहे. मार खाणाऱ्यांनी त्या काही सेकंदांत काय ठरवलं, कुठे धरलं, कुठे धरायचं राहिलं, हे कुणी कधी विचारलं आहे का? संगीतात जुगलबंदी ऐकताना एकाच्याच तानांची दाद देऊन घरी जाणाऱ्याला आपण काय म्हणू? इथे मात्र अर्धा खेळ न बघताच आपण रसिक ठरतो.

दोष फक्त बघणाऱ्यांचा नाही हेही सांगायला हवं. खेळ स्वतःच ही गोष्ट लपवतो. मेलेच्या ट्रेनिंग मोडमध्ये डीआय शिकवणारं काही नाही. पडद्यावर त्याची खूण उमटत नाही. मारणाऱ्याचा प्रत्येक निर्णय झगमगतो, आवाज करतो, आग ओकतो. मार खाणाऱ्याचा निर्णय म्हणजे एक रेषा जी १८ अंश वेगळीकडे गेली असती. न घडलेल्या रेषेशी तुलना केल्याशिवाय घडलेली रेषा कळत नाही, आणि न घडलेली रेषा कुणालाच दिसत नाही. इतक्या सुंदर कल्पनेला इतकं अदृश्य ठेवणं, हा मला या खेळाचा खरा दोष वाटतो. लोक वर्षानुवर्षं खेळतात आणि आपल्या हातात हे होतं हे त्यांना माहीतच नसतं.

आणि हातात पुष्कळ होतं. वर सांगितलेल्या गोठलेल्या फ्रेमांमध्ये स्टिक झटक्याने हलवली तर शरीर प्रत्यक्ष थोडं सरकतं, प्रत्येक झटक्याला ६ एकक. हा स्मॅश डीआय. फॉक्स वर फेकून वरच्या लाथेने मारतो तेव्हा त्या लाथेचे दोन फटके असतात, पहिला हलका, दुसरा जीवघेणा. पहिल्यात गोठलेले असताना वेळेवर सरकलात तर दुसरा हवेत जातो. पीचचा खालचा स्मॅश मिक्सरसारखा फिरतो आणि एकामागून एक लागतो, त्यातूनही असंच निसटता येतं. शिवाय गोठणं संपताना नुसती धरलेली स्टिकसुद्धा ३ एकक आपोआप सरकवते, आणि इथे खरी गंमत: उजवीकडची पिवळी सी-स्टिक धरली असेल तर या सरकण्यासाठी खेळ तिचं ऐकतो. म्हणजे पिवळी स्टिक खाली, ‘मला जमिनीला चिकटव’ असं सांगत असते, आणि त्याच फ्रेमला डावी स्टिक कोन सांगत असते. दोन अंगठे, दोन वेगळी वाक्यं, एकाच क्षणी. टक्के कमी असतील तर तुम्ही उडतच नाही, जमिनीवर उतरून उलट फटका देता. आधीच खाली वाकलेले असाल तर नॉकबॅक दोन तृतीयांशच लागतो. काही लोकांना ही वाकून बसण्याची सवय कंटाळवाणी वाटते. मला नाही वाटत. समोरच्याला ‘मार, बघू’ म्हणणारं बसणं आहे ते.

मालिकेतल्या इतर खेळांशी ताडून पाहिलं की मेलेने नेमकं काय साधलं ते कळतं. १९९९ च्या पहिल्या स्मॅशमध्ये गोठलेल्या फ्रेमांत सरकता येत होतं, पण उडण्याचा कोन बदलता येत नव्हता. तिथे एकदा सापडलात की चांगला खेळाडू तुम्हाला शून्यापासून मरेपर्यंत सोडत नाही. बघायला मजा येते, पण तुम्ही तेव्हा त्याच्या रियाजाचं वाद्य असता. २००८ चा ब्रॉल दुसऱ्या टोकाला गेला. तिथे हवेत उडत असतानाच लवकर बगल देता येते किंवा उलट फटका मारता येतो. म्हणून कॉम्बो जवळपास नाहीसेच झाले. मार खाणारा सुटतो, पण काही ओळखून सुटतो असं नाही.

२०१४ मध्ये निन्टेन्डो थ्रीडीएसवरचा स्मॅश आला तेव्हा त्यात डीआयच नव्हता. त्याऐवजी अशी रचना होती की तुम्ही जिकडे स्टिक धराल तिकडचा थोडा वेग उडण्यात मिसळायचा. खेळाडूंनी त्याला व्हेक्टरिंग नाव दिलं. म्हणजे तुमच्या-माझ्या अंगठ्याची ती जुनी इच्छा, उलट रेटायची, एकदाची पूर्ण झाली! वर उडालात, खाली धरा, वाचा. आणि झालं काय? लोक अवाजवी टक्क्यांपर्यंत जगू लागले आणि कुठे धरायचं हा प्रश्नच उरला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या अपडेटमध्ये हे काढून कोनाचा डीआय परत आणला. अल्टिमेटमध्येही तोच आहे, पण कोन सुमारे १० अंशच बदलतो. जोडीला वर किंवा खाली धरून वेगही थोडा कमीजास्त करता येतो. मला अल्टिमेट आवडतो, चुलत भावंडांबरोबर दिवाळीत तोच खेळते. पण १८ चे १० झाले की मारणाऱ्याला ओळखण्याची गरजही तितकीच कमी होते. तुम्ही कुठेही धरा, तो साधारण तिथेच येऊन थांबलेला असतो.

रेटा चालला तर खेळ फुसका होतो, काहीच चालत नसेल तर शिक्षा होते. बाजूला वळता येणं, तेही १८ अंशच, आणि तेही आंधळेपणाने आधी ठरवून, ही फार चमत्कारिक मधली जागा आहे. ती जाणूनबुजून इतकी नेमकी आखली की हाताला लागली, यावर वाद घालता येईल. मला त्यात रस नाही. खेळाडूंना ती किती प्रिय आहे याचा पुरावा मात्र हवा असेल तर वॉब्लिंगकडे पाहा. आइस क्लाइंबर्स या जोडीपैकी एक तुम्हाला पकडून ठेवतो, दुसरा ठराविक लयीत टोचत राहतो. लय चुकली नाही तर सुटकाच नाही, टक्के शंभरावर जातात आणि मग शेवटचा फटका. यात डीआयला जागाच नाही, कारण तुम्ही उडतच नाही. अनेक स्पर्धांनी त्यावर बंदी घातली. मरण तर या खेळात क्षणाक्षणाला आहे, जिग्लीपफचा रेस्ट पहिल्याच फ्रेमला लागतो आणि सरळ वर पाठवतो, त्यावर कुणी बंदी मागत नाही. पण रेस्टच्या वेळी तुम्ही बाजूला धरून वाचू शकता, आणि वाचलात तर ती खाली चार सेकंद गाढ झोपलेली असते. तुमच्या बाजूने काहीतरी शक्य असतं. वॉब्लिंगमध्ये तुम्ही कंट्रोलर मांडीवर ठेवून पाणी प्यायलात तरी चालतं.

विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला इथे एक मोठी उपमा खुणावते, ती तुम्हालाही दिसली असेल. मी ती वापरणार नाही. व्हिसाच्या कचेरीत १८ अंश मिळत नाहीत.

परत त्या तळघराकडे. २०२० पासून स्लिपीमुळे मेले इंटरनेटवर नीट खेळता येतो, आणि सामना फाइलमध्ये साठवता येतो. त्या फाइलमध्ये चित्रफीत नसते, दोघांच्या स्टिकची आणि बटणांची फ्रेमागणिक नोंद असते. म्हणजे पडद्यावर जे कधीच दिसत नाही ते तिथे लिहिलेलं असतं. मी माझ्या महिनाभराच्या सामन्यांत मरणाचे क्षण एकेक करून थांबवून पाहिले. वाटलं होतं, प्रत्येक वेळी विचारपूर्वक धरलेला आणि नशिबाने फसलेला अंगठा सापडेल, आणि मग हा लेख आणखी तोऱ्यात लिहिता येईल.

तसं झालं नाही. जवळजवळ निम्म्या वेळी मी बाहेर धरलं होतं, मारणाऱ्यापासून लांब. फटका कुठलाही असो, टक्के कितीही असोत, कुठेही उभी असो. भाकीत नव्हतंच, घाबरणं होतं. काही ठिकाणी तर खाली ओढलेलं, अगदी पहिल्या दिवसासारखं. म्हणजे मागे उभ्या असलेल्याचं म्हणणं बऱ्याच वेळा खरं निघालं असतं, फक्त त्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण उरलेल्यांमध्ये काही असे होते की मी थांबून बघत राहिले. एका सामन्यात सलग तीन वेळा मी आत धरलं, तिन्ही वेळा वाचले, आणि चौथ्या वेळी समोरच्याने ते ओळखून स्मॅशऐवजी हलका फटका मारला. त्या चौथ्याला वाईट डीआय म्हणायचं? तीनदा माझी परीक्षा घेऊन त्याने चौथ्यांदा प्रश्न बदलला. चूक असलीच तर चौथ्या उडण्यातली नव्हती, तिसऱ्यानंतर मी काहीच बदललं नाही ही होती.

तळघरातला तो सामना मात्र जुन्या टीव्हीवर, साध्या गेमक्यूबवर झाला होता. त्याची नोंद कुठेच नाही. मला वाटतं मी वर धरलं होतं.

मामांना मी हे सगळं सांगितलं, फाइली, फ्रेमा, निम्म्या वेळी बाहेर. ते म्हणाले, ‘मग आता आत धरत जा.’ मी म्हटलं, मामा, तसं नसतं, आत धरायची सवय लागली की समोरचा तेच ओळखतो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘त्या तलवारवाल्याबरोबरची कुस्ती परत लाव बघू. हळू लाव.’